हशाची जागा

टीव्हीवर माझा राग आहे आणि तो मी मेहनतीने कमावलेला आहे. न पाहताच नावं ठेवणारी माणसं मला आवडत नाहीत. मी पाहिलं. उत्तर नागपुरातल्या आमच्या घरी टीव्ही आला त्या संध्याकाळपासून जे जे दिसलं ते सगळं पाहिलं. खतं कशी टाकावीत ते सांगणारे कार्यक्रम पाहिले, मंत्र्यांनी कापलेल्या फिती पाहिल्या, कुठल्याशा सभागृहातलं न संपणारं सतारवादन पाहिलं, आणि मालिका तर एकूण एक. कॉलेजचा अभ्यास बुडवून पाहिल्या. तापात पाहिल्या. कूलर लावला की पडद्यावर आडव्या रेघा धावायच्या, म्हणून भर उन्हाळ्यात कूलर बंद करून घामाघूम होऊन पाहिल्या. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करणं म्हणजे काय, ते नागपूरकराला सांगावं लागत नाही. तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.

माझ्या जोडीला आत्या असायची. बाबांची ही थोरली बहीण. तिने लग्न केलं नव्हतं, आमच्याकडेच राहायची आणि मुलींच्या एका शाळेत मराठी शिकवायची. पण आमच्या वस्तीत तिला ओळखायचे ते नाटकातली बाई म्हणून. शाळा सुटली की ती हौशी मंडळींच्या तालमीला जायची. स्पर्धांमध्ये कामं करायची, कधी बक्षीस मिळायचं, कधी नाही. उंच, सावळी, चालताना मान जरा पुढे. आवाज भरदार. तिने नुसतं 'बस' म्हटलं तरी वर्गच काय, बाबाही बसायचे.

बाबा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. टीव्ही त्यांनी हौसेने आणला होता, सरकत्या दारांच्या लाकडी पेटीतला. बातम्या झाल्या की ते झोपायला जायचे आणि मग पडद्यासमोर मी आणि आत्या उरायचो. दोघीही चाहत्याच, पण आमचा चाहतेपणा शिव्याशापांचा होता. श्रीमंतांच्या घरात जिना का असतो, हा आमचा पहिला प्रश्न. तर सुनेने वर रडत जावं आणि सासूने खाली उतरत यावं म्हणून. गरिबाच्या घरात कायम कंदील. नागपुरात वीज जायची तेव्हा आम्हीही कंदील लावायचो, पण त्याच्यासमोर बसून कोणी आयुष्यावर भाषण करत नव्हतं. डॉक्टर नेहमी चष्मा काढून बोलायचा. बातमी वाईट आहे हे चष्मा खिशात जातानाच कळायचं.

आत्याचा एक खेळ होता. पात्राने तोंड उघडण्याआधी ती त्याचं वाक्य म्हणायची. बहुतेक वेळा तेच वाक्य यायचं. ती जिंकायची आणि जिंकल्याचा तिला संताप यायचा. "एवढ्या लोकांना एवढी मोठी जागा दिली," ती म्हणायची, "आणि हे त्यात मलाच ठाऊक असलेलं बोलतात."

सुरुवातीला दिल्लीचंच दिसायचं. पुढे मुंबईची मराठी नाटकं यायला लागली तेव्हा आम्ही आधी खूश झालो. मग हळूहळू लक्षात आलं की त्या नाटकांत आमच्यासारखं बोलणारा माणूस आला की तो गडी असतो. नाहीतर चपराशी. दारातून आत येताना अडखळतो, कपबशी पाडतो, साहेबाला भलतंच उत्तर देतो. त्याने 'का'ऐवजी 'काहून' म्हटलं की झालं. बाकी त्याला काही करावं लागत नसे. ज्या शब्दाने आमच्या घरी रोजची विचारपूस व्हायची, तो शब्द तिकडे विनोद होता. मी चिडून बंद करायला उठायची. आत्या मला बसवायची. म्हणायची, नट वाईट नाहीत, त्यांना कोणी ते बोलणं ऐकवलेलंच नाही.

हा तिचा चांगुलपणा पुढे तिला महागात पडला.

मुंबईतली एक खासगी मंडळी टीव्हीसाठी नाटकं चित्रित करून द्यायची. त्यांना एक नाटक विदर्भात करायचं होतं. संत्र्याची बाग हवी होती, जुना बंगला हवा होता, आणि गावाकडची आई करणारी बाई हवी होती. कोणीतरी त्यांना आत्याचं काम पाहायला नेलं आणि त्यांनी तिला बोलावलं.

नाटक कागदावर चांगलं होतं, हे मी कबूल करते. मोठ्या साहेबाची आई गावाहून मुलाच्या बंगल्यावर येते. मुलाला तिची लाज वाटते. पाहुणे आले की तो तिला आतल्या खोलीत बसवतो. ती काही बोलत नाही आणि एके सकाळी परत निघून जाते. आत्याने वाचलं आणि वही छातीशी धरून बसली. फक्त आईची भाषा लेखकाने मनाने बनवलेली होती. कुठल्याच गावात कोणी तसं बोलत नाही. आत्याने दिग्दर्शकांना विचारलं, मी ही वाक्यं माझ्या मायच्या बोलण्यात करू का? त्यांनी आनंदाने हो म्हटलं. अस्सल पाहिजे, हेच तर आम्हाला पाहिजे, असं म्हणाले.

माय म्हणजे माझी आजी. ती नागपूरजवळच्या खापा या विणकरांच्या गावी राहायची. हयातभर मागावर बसलेली, आता डोळे मंदावलेले, पण नागपूरला आमच्याकडे राहायला तयार नव्हती. आत्या रविवारी बसने खाप्याला जायला लागली. नुसती आजीजवळ बसायची, तिला बोलतं करायची. परत आली की मला दाखवायची. आजीला राग आला की तिचा आवाज चढत नाही, उलट उतरतो. अपमान झाला की ती हाताला लागेल त्या कपड्याची घडी घालायला लागते. पंचा असो, पदर असो, घडी घालते, मोडते, पुन्हा घालते. हे मी जन्मापासून पाहत होते, पण आत्याने करून दाखवलं तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं.

चित्रीकरणाला एक दिवस मी तिच्याबरोबर गेले. बंगल्याच्या दिवाणखान्यात दिवे लावले होते, उकाड्याने सगळे हैराण झाले होते. प्रसंग पाहुण्यांचा होता. मुलगा म्हणतो, आई, तू जरा आत बस. आत्याने खांद्यावरचा पंचा काढला, त्याची घडी घालायला लागली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "कोठी बसू सांग. तथी बसतो."

दिग्दर्शकांनी थांबवलं. "बाई, 'बसते' म्हणा. तुम्ही स्त्री आहात."

"आमच्याकडे बाया 'बसतो'च म्हणतात," आत्या म्हणाली.

ते हसले. मग हाक मारून त्यांनी दोघा-तिघांना बोलावलं आणि आत्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं. तेही हसले. दिग्दर्शकांनी कागदावर पेन्सिलीने खूण केली. "हे ठेवायचं," ते म्हणाले. "इथे हशाची जागा आहे."

आत्याने शांतपणे सांगितलं की इथे हसण्यासारखं काही नाही, ती बाई दुखावली आहे. त्यांनी लगेच मान्य केलं. हो हो, तुम्हाला वाटतं तसंच करा. तिने केलं. मी दाराशी उभी होते. दिवे धरून उभी असलेली माणसं, कपडेपट सांभाळणारी बाई, सगळे गप्प झाले. मुलाचं काम करणारा नट पुढचं वाक्य विसरला आणि त्याला ते सांगावं लागलं. रिक्षातून घरी येताना आत्या खूश होती. मला ते तिच्या बसण्यावरून कळत होतं.

नाटक दाखवायला मग बरेच महिने गेले. बाबांनी तोवर अख्ख्या कारखान्याला सांगून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी टीव्ही समोरच्या खोलीत आणला. गल्लीतले लोक आत मावेनात म्हणून खिडकीच्या गजांना लागून उभे राहिले. माझ्या आईने मोठ्या परातीत चिवडा केला. बाबा स्वतः खाप्याला जाऊन आजीला घेऊन आले. तिला नवी पांढरी साडी नेसवली आणि सगळ्यांच्या पुढे खुर्चीवर बसवलं. आत्या भिंतीला टेकून खाली बसली, मी तिच्याजवळ.

नाटक सुरू झालं. संत्र्याची बाग आली, बंगला आला. मग आत्या फाटकातून आत आली आणि तिच्या पावलांबरोबर ढोलकीचे ठोके वाजले. एक पाऊल, एक ठोका. कोंबडी चालावी तसे. मी आत्याकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती.

मग पडद्यावरची आत्या बोलली आणि तो आवाज आत्याचा नव्हता.

कुठल्यातरी दुसऱ्याच बाईचा, बारीक, नाकातला, उगाच लांबवलेला आवाज होता. तिला आमची बोली येत नव्हती. 'ला'साठी आम्ही म्हणतो तो 'ले' नको तिथे लावत होती आणि दर वाक्याच्या शेवटी 'काहून' म्हणत होती, प्रश्न असो की नसो. ओठ आत्याचे, हात आत्याचे, घडी घालणारी बोटं आजीची, आणि आवाज त्या बाईचा. मध्येच कुठूनतरी हसण्याचे लोट यायचे. शंभर माणसं पेटीत कोंडून ठेवावीत आणि झाकण उघडलं की हसावीत, तसे. पाहुण्यांचा प्रसंग आला. 'तथी बसतो' म्हणताच ते झाकण उघडलं.

खोलीतले लोक आधी गप्प होते. त्यांनाही काही समजत नसावं. पण टीव्ही इतका हसत होता की एकजण हसला, मग दुसरा हसला, मग खिडकीतले हसले. आमचेच लोक. 'बसतो' म्हणणाऱ्या बायांचे भाऊ आणि मुलगे. काही बायाही हसल्या, तोंडाला पदर लावून. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. ते काय करणार होते, ते साधे लोक होते, असं मला कोणीकोणी समजावलं आहे. साधे असले तरी त्यांना कान होते.

आजी माझ्याकडे वळली. तिला नीट दिसत नव्हतं, पण ऐकू चांगलं यायचं. मला म्हणाली, "हे काहून हासून राह्यले वं? तिले तं वाईट वाटून राह्यलं नं?"

खोलीत बऱ्याच जणांनी ते ऐकलं, कारण तेवढ्यात पडद्यावर शांतता होती.

आत्या शेवटपर्यंत बसून राहिली. शेवटी नावं आली, त्यात तिचं नाव आलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती उठली, सगळ्यांना जयभीम केला, परातीतला चिवडा कागदावर घालून एकेकाच्या हातात दिला. शेजारच्या बाईने विचारलं, आवाज असा काहून आला? आत्या म्हणाली, मले माहीत नाही. सकाळी पहिल्या बसने ती आजीला स्वतः खाप्याला पोचवून आली. वाटेत दोघी काय बोलल्या ते मला कधीच कळलं नाही.

त्यानंतरचे दिवस आणखी वाईट होते, कारण लोकांना नाटक आवडलं होतं. बाजारात अनोळखी माणसं आत्याला पाहून 'तथी बसतो' म्हणायची आणि आपण ओळखलं या आनंदात तिच्याकडे बघायची. शाळेने सत्कार केला. संस्थेच्या अध्यक्षांनी शाल आणि नारळ दिला, शाळेचं नाव महाराष्ट्रभर गेलं असं भाषण केलं. समोर बसलेल्या मुली एकमेकींना कोपरं मारत होत्या. आत्याने शाल घेतली, नारळ घेतला, आभाराचे दोन शब्द बोलली. घरी आल्यावर नारळ आईला दिला आणि म्हणाली, आज चटणी कर.

काही महिन्यांनी मुंबईच्या त्या मंडळीतला एक सहायक आमच्या घरी आला. तरुण, गोरा, अदबीने बोलणारा. त्याला पाहताच बाबांनी आईला चहा टाकायला सांगितला. तो म्हणाला, आता दर आठवड्याची मालिका करतो आहोत, मुंबईतल्या एका कुटुंबाची, आणि त्यात विदर्भातून आलेली एक कामवाली मावशी आहे. दिग्दर्शकांच्या मनात दुसरं कोणी नाही. राहण्याची सोय होईल, शाळेतून रजा मिळवून देऊ.

आत्याने विचारलं, "नाटकात आवाज कोणाचा होता?"

तो जरा गडबडला. म्हणाला, तांत्रिक अडचण आली होती, बंगल्यात घुमत होतं. आमच्याकडे एक बाई आहेत, त्या सगळ्या बोली करतात.

"मग त्यांनाच घ्या. तोंडही त्यांचंच राहील."

"ताई, लोकांना तुम्ही इतक्या आवडलात. लोक थोडं हसले तर कुठे बिघडलं?"

"मी आयुष्यभर लोकांना हसवलं आहे," आत्या म्हणाली. "कुठे हसायचं ते मला ठरवू द्या."

आवाज उतरलेला होता. त्या मुलाला त्याचा अर्थ माहीत नव्हता, आम्हाला होता. आईने चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला आणि ती आत निघून गेली. त्याने चहा संपवला, विचार करा म्हणाला आणि गेला.

बाबा भडकले. ते कधी आत्याशी मोठ्याने बोलत नसत, त्या दिवशी बोलले. "बाई, सारा महाराष्ट्र पाह्यते. तुले आणखी काय पाह्यजे?"

"तू मायले इचार," आत्या म्हणाली.

बाबांनी आजीला विचारलं नाही. पुढे कितीतरी दिवस घरात दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होती. आत्याला सांग, किराणा आणायचा आहे. बाबांना सांग, आणला. आणि याच सुमारास आत्याने तालमीला जाणं सोडलं. तालमीतली मंडळी बोलवायला आली तर म्हणाली, घसा बसतो आहे. शाळेतून यायची, वह्या तपासायची आणि पडद्यासमोर बसायची. पण पात्राआधी वाक्य म्हणायचा खेळ बंद झाला होता. मला ते पाहवत नसे. मी एकटीच मालिकेला शिव्या घालायची आणि ती ऐकून घ्यायची.

व्हिडिओ गेमकडे आम्ही वळलो ते थंड हवेसाठी. उन्हाळ्याची सुटी होती. जरीपटक्याच्या बाजारात ब्लाउजचं कापड घ्यायला गेलो होतो. ऊन डोक्यावर आलं होतं. एका गल्लीत कापडदुकानांच्या मागे पडदा लावलेली खोली होती आणि पडद्याखालून कूलरची गार हवा बाहेर येत होती. आत्या सरळ पडदा बाजूला करून आत गेली. आत कपाटाएवढी लाकडी खोकी ओळीने उभी होती, प्रत्येकात पडदा, दांडी आणि दोन बटणं. त्यांच्यासमोर पोरं उभी होती. आम्हाला बघून सगळी एकदम सरळ झाली, कारण त्यातल्या काहींच्या बहिणी आत्याच्या वर्गात होत्या. मालक सिंधी गृहस्थ होते, त्यांनी आत्याला स्टूल दिलं आणि बहनजी, बैठिये म्हणाले.

आत्या बसली नाही. एका रिकाम्या खोक्यासमोर उभी राहून तिने विचारलं, यात करायचं काय? एक पोरगा म्हणाला, वरून विमानं येतात, ती पाडायची. खेळात आत्या लगेच मेली. पुन्हा खेळली, पुन्हा मेली. आम्ही कापड न घेताच घरी आलो. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, चल, कापड राहिलं.

त्या उन्हाळ्यात आम्ही कितीदा गेलो ते सांगत बसत नाही. मीही खेळले, सगळी खोकी खेळले, आणि माझं मत सांगते. तो प्रकार मूर्ख आहे. आवाज असा की पत्र्यावर खिळा ओढावा. एका खेळात एक माणूस खड्ड्यांवरून उड्या मारत शेवटी एका बाईला सोडवायचा. ती बाई सगळा वेळ एका कोपऱ्यात हात वर करून उभी. तिला पाय होते, शेजारी शिडी होती, पण उतरावं असं तिला कधी वाटलं नाही. टीव्हीतल्या बाया निदान जिन्यावरून वर-खाली तरी करतात. दुसऱ्या एका खेळात रणगाडे होते, ते भिंतीवर डोकं आपटत फिरायचे. पोरं त्या रणगाड्यांवर जीव ओवाळून टाकायची आणि दांडी अशी पिळायची की जणू ती उपटून घरी न्यायची आहे.

पण एक गोष्ट मी त्या खोक्याच्या बाजूने सांगेन. ते सगळ्यांना सारखंच मारायचं. कुठून आलात, कसं बोलता, त्याला काही घेणं नव्हतं. आत्या विमानं पाडण्यात तरबेज झाली. तिचा हात स्थिर होता, मान जरा पुढे, पदर कमरेला खोचलेला. पोरं आपलं खोकं सोडून तिच्यामागे उभी राहून बघायची. ती चुकली तर हळहळायची. इतक्या महिन्यांत तिच्या कामाकडे कोणी असं गप्प राहून पाहिलं नव्हतं.

बातमी शाळेपर्यंत गेलीच. सुटी संपता संपता संस्थेच्या अध्यक्षांनी तिला घरी बोलावलं. मी सोबत गेले होते, बाहेरच्या खोलीत बसले, पण दार उघडंच होतं. अध्यक्ष बराच वेळ गोल फिरून बोलले. समाज, पालक, बदलता काळ. शेवटी म्हणाले, पोरांच्या त्या अड्ड्यात आमच्या शिक्षिकेने उभं राहणं शोभतं का?

आत्या म्हणाली, "साहेब, टीव्हीवर माझं तोंड आणि दुसरीचा आवाज लावून लोक हसले, तेव्हा तुम्ही मला नारळ दिला. इथे माझ्यावर कोणी हसत नाही. मग लाज कोणत्या गोष्टीची वाटायला पाहिजे, ते मला नीट सांगा."

अध्यक्षांनी शाळेच्या वेळापत्रकाविषयी काहीतरी विचारलं, आत्याने उत्तर दिलं आणि आम्ही निघालो. त्यांनी पुढे हा विषय काढला नाही. मुख्याध्यापिकेने मात्र दोन वर्षं तिला गॅदरिंगच्या नाटकापासून लांब ठेवलं. असे लोक तोंडावर काही म्हणत नाहीत, नंतर वसूल करतात.

खेळ तिने सोडला तो यामुळे नाही. एका रविवारी ती पुढे, पुढे, कोणी गेलं नव्हतं इतकी पुढे गेली. खोलीतली सगळी पोरं मागे जमली होती. शेवटचं मोठं विमान तिने पाडलं, पडदा क्षणभर पांढरा झाला, आणि मग पुन्हा पहिलंच चित्र आलं. तीच विमानं, तोच समुद्र, फक्त वेग वाढलेला. पोरं ओरडत होती, खेळा, खेळा. आत्याने दांडी सोडून दिली. तिचं विमान तिच्या डोळ्यांदेखत आदळलं.

"पुढं काही नाईच का?" तिने मालकांना विचारलं. ते म्हणाले, यही है बहनजी, फिर से चालू हो जाता है.

बाहेर आल्यावर ती रागाने भरभर चालायला लागली. मला तिच्याबरोबर पळावं लागत होतं. एवढं करून शेवटच नाही, ती म्हणाली. कोणी मरत नाही, कोणी घरी जात नाही, पहिल्यापासून सुरू. ही काय गोष्ट झाली? कितीतरी महिन्यांनी तिला कशाचा तरी असा राग आलेला पाहून मला बरं वाटलं. त्याच आठवड्यात ती तालमीला गेली. मंडळींनी नवं नाटक धरलं होतं, त्यात एका म्हाताऱ्या विधवेचं काम रिकामं होतं. स्पर्धेत परीक्षकांनी शेरा दिला की बाईंची भाषा प्रमाण नाही. पुढच्या वर्षीही तिने तीच भाषा बोलली.

मालिका निघाली. मावशीच्या कामाला त्यांनी त्या सगळ्या बोली करणाऱ्या बाईलाच घेतलं, आणि मालिका तुफान चालली. आमच्या गल्लीतली लहान मुलं एकमेकांना तिची वाक्यं म्हणून दाखवायची, आणि आपापल्या घरात आजी 'मी येतो' म्हणाली की फिदीफिदी हसायची. लग्नात एखादी म्हातारी बोलायला लागली की तिची नात तिला गप्प करायची. याचा हिशेब कोणी कोणाला विचारला नाही. मी मात्र ती मालिका एकही भाग न चुकवता पाहिली. शत्रूची खबर ठेवावी लागते.

बाबाही पाहायचे. आत्या तालमीला गेली की ते टीव्हीची दारं सरकवून बसायचे, आणि फाटक वाजलं की आवाज बारीक करायचे. तिलाही ते माहीत होतं. ती मुद्दाम फाटकाची कडी वाजवून आत यायची.

एकदा ती लवकर आली आणि कडी वाजवायला विसरली, किंवा वाजवलीच नाही. बाबा दचकून उठायला लागले. तिने त्यांना हाताने बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. मावशी कपबश्या पाडत होती, पेटीतली माणसं हसत होती. आत्याने सगळा भाग शेवटपर्यंत पाहिला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, आता काय म्हणते म्हणून.

"बाई मेहनती आहे," ती बाबांना म्हणाली. "हात चांगले आहेत तिचे. तिले कोणी खाप्याले न्यायला पाह्यजे होतं."

बाबा म्हणाले, "तूच न्याचं होतं नं, बाई."

"बोलावलं असतं तं नेलं असतं," आत्या म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली. त्या दिवसापासून दोघं पुन्हा सरळ एकमेकांशी बोलायला लागली. मी मात्र त्या बाईला मेहनती म्हणायला तयार नव्हते, आजही नाही. यावरून माझं आणि आत्याचं पुष्कळदा भांडण झालं आहे.